दम खाण्याची जागा

मंगळवारी चारला डॉक्टर रेबोयेदोंकडं जायचं.
त्याआधी तीनला पायऱ्या.
क्रम त्यांनीच ठरवला. मी म्हटलं,
बाई, मी आगीच्या बंबावर सोळा वर्षं काढलीत,
पायऱ्यांचं काय कौतुक मला?
त्या म्हणाल्या, म्हणूनच.

वाल्पाराइसोत सपाट असं फक्त बंदर.
बाकी गाव उभं, टेकड्यांना लोंबकळणारं,
पत्र्याची घरं, निळी, पिवळी, गंजलेली,
आणि घरांच्या फटींतून वर जाणारे जिने
ज्यांच्या शेवटी आणखी एक जिना.
रुळांवरून वर सरकणारी डबीही आहे,
म्हाताऱ्यांसाठी, पाहुण्यांसाठी.
मी तिच्यात बसत नाही.
तिचं दार बाहेरून लावतात.

त्या उन्हाळ्यात, वारा पिसाटलेल्या रात्री,
सत्त्याण्णवाव्या पायरीवर
पाठीवरच्या हवेच्या टाकीनं शिट्टी मारली.
शिट्टी म्हणजे हवा संपत आली.
वर आणखी चौसष्ट पायऱ्या, मग हिरवं दार,
दारामागं दोन वेन्सेस्लाओ,
ज्यानं माझ्या शाळेच्या बुटांना
दर मार्चमध्ये नवे तळवे ठोकले.
मी परत फिरले.
नियमाप्रमाणं.
वाक्य तीन शब्दांचं आहे.
ते उच्चारायला मला अकरा मंगळवार लागले.

त्यानंतर किटली वाजली की मी ओट्याखाली.
भाच्याच्या मॅचला पंचानं शिट्टी फुंकली
आणि पोराला तिथंच टाकून मी रस्त्यावर, अनवाणी.
नुसती बसले तरी छातीवर आतून धक्के,
जणू कुणी दार ठोठावतंय.
मग छाती धडधडेल असं सगळंच सोडून दिलं:
जिने, नाच, भांडण.
भांडण सोडल्यावर नवराही गेला.

बाईंच्या खोलीत डोळे मिटून ती रात्र सांगायची,
आत्ता घडतेय तशी. मी चढतेय. धूर दिसतोय.
त्या ते टेप करतात. घरी नेऊन मला तेच ऐकायचं.
पण त्याआधी पाऊण तास चढण,
दुसऱ्या टेकडीवर, कुणी न मेलेल्या जिन्यावर.

सोबत लाउतारो असतो, आमच्या पथकातला,
सत्तरीचा, गुडघे सुपारीसारखे वाजतात.
तो पुढं होत नाही, माझ्या मागं दोन पायऱ्या राहतो.
उपदेश करत नाही. एकच शब्द: दमानं.

पहिल्या दिवशी चाळीस झाल्या.
डोळ्यांपुढं काजवे, तोंडात राखेची चव,
बसले तिथंच, रडले.
एका गल्लीतल्या कुत्र्यानं येऊन
माझा बूट हुंगला आणि तो निघून गेला.

पाचव्या की सहाव्या आठवड्यात
हृदय तसंच धडाडलं, तितकंच,
तोच घाम, त्याच थरथरत्या पोटऱ्या.
वरच्या गच्चीवर एक बाई चादरी वाळत घालत होती.
म्हणाली, समुद्राकडून धुकं येतंय, वाळायच्या नाहीत.
तरी घालत राहिली.
मी उभी राहिले कठड्याला धरून
आणि धडधड ओसरली. आपसूक.
मी काही केलं नाही.
इतके महिने तिला ओसरायला वेळच दिला नव्हता,
त्याआधीच पळ काढायचे.
दम लागणं निराळं, दम कोंडणं निराळं,
हे पोटऱ्यांना कळलं माझ्याआधी.
मला अजून नीटसं कळलेलं नाही.
रात्री तीनला तर अजिबातच नाही.

काल आम्ही त्या जिन्यावर गेलो.
बाईंना विचारून. दिवसाढवळ्या.
सत्त्याण्णवाव्या पायरीशी वळण आहे,
हे त्या रात्री दिसलंच नव्हतं.
वळणावर सिमेंटचा बाक, कुणीतरी टाकलेला.
लाउतारोनं खिशातून पाव काढला, अर्धा मला.
बसून आम्ही दम खाल्ला, मग पाव.
खाली जहाज भोंगा देऊन धक्क्याला लागलं,
मी दचकले, तुकडा हातातून पडला,
पण बाकावरून उठले नाही.

वर चौसष्ट उरल्यात.
कुठल्या रंगाचं दार असेल आता, पाहिलेलं नाही.
डॉक्टर म्हणतात, घाई नाही.
लाउतारो म्हणतो, त्याच्या गुडघ्यांना आहे.